धुऱ्यापलीकडची रेघ

संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या फाटकाची कडी वाजते आणि माझी दिवसातली एकमेव कामाची वेळ सुरू होते. यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरची बस आपल्या धुळीसकट थांबलेली असते. पुढच्या पाच-दहा मिनिटांत कुणी बँकेतली, कुणी दवाखान्यातली, कुणी पंचायत समितीतली, अशा आया एकेक करून अंगणात येतात, खांद्यावरची पर्स उतरवायच्या आधी मूल कडेवर चढवतात आणि त्याच्या मुठीतला चुरगळलेला कागद उलगडून विचारतात, "काय काढलं माह्या राजानं?" राजाचं वय अडीच वर्षं. तो बोट तोंडात घालून माझ्याकडे बघतो. त्याची आईही माझ्याकडे बघते. मग मी चष्मा पुसतो, कागद हातभर लांब धरतो, मान किंचित तिरकी करतो आणि सांगतो, "बैल आहे. पाणी प्यायला निघालाय." आईचा दिवसभराचा शीण उतरतो. राजा मात्र कागदात डोकावून तो बैल कुठे दिसतो का ते शोधत असतो. एका चिमुरडीनं तर माझं स्पष्टीकरण ऐकून कागद उलटून मागची बाजू तपासली होती. गेली तीन वर्षं मी बाभुळगावातला बहुधा एकुलता एक कलासमीक्षक आहे, आणि त्या व्यवसायाच्या रीतीला धरून, ज्यातलं मला काही कळत नाही त्याविषयी ठामपणे बोलतो.

पाळणाघर सौ.चं. तिनं आयुष्यभर शाळेत शिकवलं. निवृत्त होऊन ती घरी बसली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की, घरात मुलांचा आवाज नसला की भिंतीवरच्या घड्याळाचा येतो. आठवडाभर तिनं तो ऐकला, आठव्या दिवशी समोरच्या खोलीतला सोफा माळ्यावर चढवला, सतरंज्या अंथरल्या आणि गल्लीतल्या पहिल्या आईला सांगून टाकलं, "आणून सोड." आज पाच-सहा पोरं असतात, दीड ते साडेतीन वर्षांची. त्यांची नावं मी सांगणार नाही. उद्या त्यातलं एखादं कलेक्टर झालं तर त्यानं आमच्या परातीतल्या खळीत दोन्ही पाय घातले होते, ही नोंद कुठे असू नये. मी स्वतः भूकरमापक होतो. शेतं मोजायची, हद्दी दाखवायच्या, नकाशे काढायचे. शंकू साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. रेघ म्हणजे धुरा आणि धुरा म्हणजे भांडण, एवढं शहाणपण मला नोकरीनं दिलं. आता माझ्या पुढ्यात अशी मंडळी बसली आहेत की त्यांची रेघ कागदावर सुरू होते, फरशीवर उतरते, शेजारच्याच्या मांडीवरून वळण घेते आणि तक्तपोसाच्या पायापाशी दमून थांबते. खात्याच्या भाषेत हे सरळसरळ अतिक्रमण. पण तक्रार-अर्ज येत नाही. ज्याच्या मांडीवरून रेघ गेलेली असते तो दुसरी मांडी पुढे करतो.

सुट्टीच्या दिवसांत आमच्याकडे गर्दी वाढते, हेही एक कोडंच. दिवाळी आली की शाळा बंद, अंगणवाडी बंद. बँका आणि दवाखाने मात्र एखाद-दोन दिवस वगळता उघडेच, आणि शेतात कापसाची वेचणी ऐन भरात. म्हणजे मोठ्या भावंडांना सुट्टी लागली की धाकट्यांची आमच्याकडची हजेरी वाढते, आणि शेपटासारखी ती मोठी भावंडंही मागोमाग येतात. पहिल्या वर्षी सौ.नं सगळ्यांना गोल बसवून उत्साहानं सांगितलं, "उद्यापासून सुट्टी!" एका गृहस्थांनी, वय दोन वर्षं, ती बातमी गंभीरपणे ऐकून घेतली. मग ते उठले, तक्तपोसाखाली वाकून पाहिलं, दाराआड पाहिलं, आणि परत येऊन विचारलं, "कुठी हाय?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ज्याला अजून काम लागलेलं नाही त्याला सुट्टी कशातून द्यायची? आपण मोठे लोक वर्षभर दळण दळतो आणि चार दिवस जातं थांबवतो. त्या थांबण्याला सुट्टी म्हणतो. यांचं जातं अजून बसायचंच आहे.

पण सुट्टी म्हटली की सुट्टीतले उद्योग आले, आणि उद्योग आमच्या पुण्याच्या सूनबाई फोनवरून पाठवतात. 'चिमुकल्यांसाठी सोप्या कलाकृती', आणि खाली हटकून 'फक्त पाच मिनिटांत'. त्या पाच मिनिटांचा मी अभ्यास केला आहे. मांडामांड चाळीस मिनिटं, कला चार, आणि आवराआवर चहाची वेळ टळेपर्यंत. शिवाय सामानाची यादी वाचताना आपण एखाद्या परक्या देशाचं पंचांग वाचतोय असं वाटतं. कागदी बशी घ्या, हलते डोळे घ्या, चकाकणारी भुकटी घ्या, आइस्क्रीमच्या काड्या घ्या. सौ. यादी वाचते आणि मनातल्या मनात भाषांतर करते. कागदी बशीच्या जागी पळसाच्या पानांचा द्रोण. हलते डोळे रद्द, कारण असे बारके डोळे इथे पहिल्यांदा नाकात जातात. भुकटीच्या जागी रांगोळी, तीही अंगणात आणि वारा नसताना. गोंद म्हणजे गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ. ती पोटात गेली तर फार तर जेवण झालं. आमच्या ऑफिसात डिंकाची बाटली असायची, बाभळीचा डिंक, त्यात एक टक्कल पडलेला ब्रश. गावाच्या नावातच बाभूळ आहे, तेव्हा हा डिंक आमचा घरचा. त्याच झाडाच्या मण्यांच्या माळेसारख्या वाळक्या शेंगा लहानपणी आम्ही पायांत बांधून छुमछुम करत फिरायचो, आणि ते पैंजण खायला मागून शेळी यायची. कलेचा असा जिवंत रसिक पुढे मला कुठे भेटला नाही.

नाताळच्या आसपास यादीत एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा हमखास असतो, आणि त्याच्या दाढीसाठी 'कापसाचे गोळे, एक पाकीट'. एका आईनं हौसेनं औषधाच्या दुकानातून निळ्या कागदात गुंडाळलेली कापसाची गुंडाळी आणून दिली. मी ती हातात धरून बराच वेळ बसलो. आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्याच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. भाव वाढेल म्हणून त्या घरातली माणसं पडवीत झोपत होती आणि कापूस आत. या काळ्या जमिनीतून निघालेला कापूस जिनिंगला जातो, सरकी काढून, गाठी बांधून कुठे कुठे फिरतो, धुऊन-पिंजून शहाणा होतो आणि शहरात शिकून आलेल्या पुतण्यासारखा निळ्या कोटात गावी परततो. सौ.नं ते पाकीट देवघरातल्या वातींसाठी ठेवून दिलं आणि शेजारून ओंजळभर कापूस मागून आणला. बोटांनी एकेक सरकी काढली, कारण सरकीचाही मार्ग नाकातूनच जातो. मग त्या ओंजळीभोवती पाच डोकी जमली. म्हाताऱ्याला दाढी लागायला हवी होती. पण एकीनं कापूस गालाला लावला आणि डोळे मिटले. तिचं पाहून दुसऱ्यानं. खोलीत इतकी शांतता पसरली की घड्याळाचा आवाज आला. म्हातारा त्या वर्षी गुळगुळीत दाढी केलेलाच राहिला, आणि संध्याकाळी मला सांगावं लागलं की तो आमच्या जुन्या तहसीलदारांचा चेहरा आहे.

सौ.ला हे सगळं नवीन नाही. तिच्या कपाटात ताराबाई मोडकांचा फोटो आहे. ताराबाईंचा संसार काही काळ आमच्या शेजारच्या अमरावतीत झाला, याचा तिला वऱ्हाडी अभिमान आहे. पुढे त्या गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाच्या कामात पडल्या, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. महागडी परदेशी साधनं खेड्यात आणायची कुठून, म्हणून पानं, फुलं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच त्यांची साधनं झाली. "म्हणजे सूनबाईंच्या यादीचं भाषांतर मी करत नाही," सौ. म्हणते, "ते झालेलंच आहे." त्या परंपरेला स्मरून ती रंगही स्वयंपाकघरातून काढते. बीट, पालक, आणि हळद. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की पिवळ्याचा लाल होतो. हा चमत्कार मी वयाच्या पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला आणि तोंडातून "अरे वा" निघून गेलं. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. रंग बदलतो यात त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. सकाळपासून त्यांच्या जगात सगळंच बदलत होतं. म्हातारा ओरडला, हे मात्र नवीन होतं. त्यांनी मला आणखी तीनदा "अरे वा" म्हणायला लावलं.

पोळ्याच्या आधी मातीचे बैल करायचा माझा हट्ट होता. आमच्या लहानपणी बैल मातीचाच, नाल्याकाठची काळी माती कालवून केलेला. मी उमेदीनं पाटीभर माती आणली, चाळली, मळली. पण काळ्या मातीचा स्वभाव मी विसरलो होतो. चाळीस वर्षं त्याच मातीतून चालून विसरलो होतो, ही त्यातली गंमत. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. बैलाची काय कथा. पहिल्या दिवशी पाच बैल उन्हात ठेवले. दुपारपर्यंत शिंगं गेली, संध्याकाळी पाय गेले, आणि आया आल्या तेव्हा पाटावर पाच ढेकळं शिल्लक होती. मी समीक्षक म्हणून पुढे झालो आणि म्हणालो, "बसलेले बैल आहेत." दुसऱ्या दिवशी सौ.नं न बोलता परातीत कणीक मळली. त्यात मूठभर मीठ घातलं, म्हणजे एक घास खाल्ला तरी दुसरा कुणी खाणार नाही. एकानं दुसराही खाल्ला. त्यानं केलेला बैल मला आठवतो: एक लाटी, आणि तिच्यात खोलवर रुतलेला अंगठ्याचा ठसा. मी शिंगं लावून द्यायला हात पुढे केला तर त्यानं लाटी पोटाशी धरली. त्याचा बैल पुरा झाला होता.

ऱ्होडा केलॉग नावाच्या एका अमेरिकन बाईंनी आयुष्यभर छोट्या मुलांच्या गिरगोट्या गोळा केल्या, हे मला सूनबाईंनी फोनवर वाचून दाखवलं. सॅन फ्रान्सिस्कोला त्या बालवाडी चालवायच्या. लाखो कागद पाहून त्यांनी ठरवलं की जगातल्या मुलांच्या गिरगोट्यांचे मूळ प्रकार 20. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, वेटोळं, गोल, असे. 1969 मध्ये त्यांचं यावर पुस्तकही आलं. मोजणीच्या माणसाला अशा यादीनं बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन मी सतरंजीच्या कडेला बसलो आणि प्रत्येकाच्या नावापुढे प्रकारांच्या खुणा करू लागलो. बारा प्रकार मिळाले. तेराव्याची वाट पाहत असताना एका बाईंनी माझी वही ओढून घेतली आणि माझ्या साऱ्या नोंदींवरून जांभळं वेटोळं फिरवलं. एक फेरा, दुसरा, दहावा, खडू मोडेपर्यंत. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. हात खांद्यापासून फिरत होता, नांगरासारखा. ते वेटोळं कशाचं चित्र होतं, हे विचारायला त्या क्षणी मला लाज वाटली. शेत नांगरणाऱ्याला कुणी विचारतं का, काय काढलं म्हणून?

असंच एक वेटोळं मी पूर्वी पाहिलं आहे. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा असेल. दोन सख्ख्या भावांच्या धुऱ्याचं प्रकरण होतं. दिवसभर उन्हात साखळी ओढून आणलेली टिपणं मी घरी टेबलावर पसरली होती आणि हात धुवायला मोरीत गेलो होतो. येऊन पाहतो तो चिरंजीव खुर्चीवर उभे, हातात माझी लाल-निळी पेन्सिल, आणि त्या वादाच्या धुऱ्यावरून, दोन्ही भावांच्या शेतांना कवेत घेणारं, गरगरीत लाल वेटोळं. जे पंचांना जमलं नव्हतं, कोर्टाला जमलं नव्हतं, ते त्यानं पाच मिनिटांत केलं होतं. मी पेन्सिल हिसकावली आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवली. मारलं नाही, पण आवाज असा काढला की मारलं असतं तर बरं. रात्री बाराला नवा कागद घेऊन सगळं परत उतरवलं. धुरा होता तिथे आला, भांडण होतं तिथे आलं. परवा फोनवर मी मुलाला विचारलं, "आठवतं का रे?" तो हसला. "नाही हो बाबा. मला कुठे चित्रं काढता येत होती?" मला मात्र आठवतं. कपाटाच्या माथ्याकडे वर वळलेली त्याची मान आठवते. तो कागद ठेवायला हवा होता, असं आता वाटतं. तेव्हा मी त्याचे चार तुकडे केले होते, शासकीय पद्धतीनं, आडवे आणि उभे.

यंदा पोळ्याच्या सकाळी आमच्या फाटकासमोर शेजाऱ्याची जोडी बांधलेली होती. आदल्या दिवशी तूप-हळदीनं खांदे शेकून झाले होते, अंघोळी झाल्या होत्या, शिंगांना रंग लागला होता. शेजाऱ्यानं घमेल्यात गेरू कालवला, पाण्याचा पेला उपडा करून त्यात बुडवला आणि पांढऱ्या बैलाच्या पाठीवर टेकवला. उचलला तर लाल गोल. दुसरा गोल. तिसरा थोडा घसरला. बैल शेपूट हलवत उभा. फाटकाच्या गजांत पाच डोकी अडकवून आमची मंडळी पाहत होती. मीही पाहत होतो, आणि साठ-पासष्ट पोळे पाहून झाल्यावर मला पहिल्यांदाच सुचलं की हा मिशीवाला, दहा एकरांचा धनी, केलॉगबाईंच्या यादीतला गोल काढतो आहे. साऱ्या तालुक्यात या क्षणी दाढी-मिशांची माणसं हेच करत असतील. कुणी त्यांना विचारत नाही की हे गोल कशाचे. बैल त्यांचा, पाठ समोर, गेरू ओला. एवढं कारण पुरेसं असतं.

सौ.नं मग आमच्या परातीत गेरू कालवला. मी पुठ्ठ्याचा एक बैल कापून ठेवला होता, मापात, चारही पाय सारखे. मुलांनी त्यावर पंजे उमटवायचे, अशी योजना. मुलांनी जमिनीवर उमटवले, दारावर उमटवले, एकमेकांच्या पोटावर उमटवले; पुठ्ठ्याचा बैल शेवटपर्यंत निष्कलंक राहिला. मी त्यांच्याकडे पाठ करून पायरीवर बसलो होतो, दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी चाकांच्या लाकडी बैलाच्या शिंगांना बेगड चिकटवत. मोठ्यांचा पोळा तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या बैलांचा; पोरांना त्यात कुठे स्थान? म्हणून नागपूरकर दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये लाकडी बैलांचा हा पोळा सुरू केला, असं सांगतात. पोरं सजवलेला बैल दोरीनं ओढत दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. राज्यकर्त्याला सुचलेली इतकी गोड गोष्ट मला दुसरी माहीत नाही. बेगड संपली म्हणून मी उठलो, बस स्टँडजवळच्या दुकानात जाऊन आलो. वाटेत लोक फार प्रेमानं हसत होते. मला वाटलं, सण आहे. एक ओळखीचे म्हातारे शेतकरी तर थांबलेच. मला मागून-पुढून न्याहाळून म्हणाले, "काकाजी, तोरणाखाली उभे राहाले चालले का?" मी म्हटलं, बघायला जाणार आहे. ते म्हणाले, "नाई, मी दुसरं विचारून राह्यलो," आणि हसत पुढे गेले.

संध्याकाळी सहाला कडी वाजली. बस आली होती, पर्स आल्या, मुलं कडेवर गेली. "काय काढलं आज माह्या राजानं?" राजाच्या हातात कागद नव्हता. आईनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसू लागलो, आणि दारातून सौ. म्हणाली, "तुम्ही नुसते वळा." मी वळलो. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, अगदी मधोमध, दोन लाल पंजे दिवसभर गावभर फिरून आले होते. मागे क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग पाठीवर काहीतरी टेकलं. छोटं, कोमट, थोडं चिकट. राजा कडेवरून वाकून आपला पंजा त्या ठशावर ठेवून पाहत होता, जुन्या खुणेवर नवी मोजणी बसते का ते पाहावं तसा. बोटावर बोट बसलं असावं. कारण त्यानं अतिशय समाधानानं, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मायं!"

हा शब्द मी आयुष्यभर धुऱ्यावर उभा राहून ऐकला आहे. याच्या बाजूनं "मायं", त्याच्या बाजूनं "मायं", आणि मधे साखळी धरून मी. त्या संध्याकाळी साखळी नव्हती, पलीकडचा पक्ष नव्हता, आणि जमीन मीच होतो. हरकत घ्यायला कुणीच पुढे आलं नाही.